म्हाताऱ्या कुत्र्याचं कोरडं नाक: काही लावण्याआधी काय पाहायचं

आमच्या ठमीला येत्या श्रावणात तेरा वर्षं पूर्ण होतील. जातीने कॉकर स्पॅनिअल, रंग गुळासारखा. सकाळी कुणाचाही पाय पांघरुणाबाहेर दिसला की त्याला ओलं नाक टेकवून उठवायचं, ही तिची सवय. गेल्याच्या गेल्या डिसेंबरात, पुण्यात थंडी नुकती पडायला लागली होती तेव्हा, एका सकाळी ते नाक पायाला लागलं आणि गार-ओलं काही जाणवलंच नाही. काहीतरी खरखरीत घासून गेलं. अंधारात हाताने चाचपलं, तर बोटाला लागलेला नाकाचा भाग वाळक्या खारकेसारखा होता.

आई म्हणाली, अंगात ताप असेल. शेजारच्या काकूंनी खोबरेल लावायला सांगितलं. मी दोन्ही केलं. ताप मोजला, तो नव्हता. मग खोबरेल सुरू केलं आणि दोन महिने रोज लावत राहिले. त्या दोन महिन्यांत नाक तसूभरही बदललं नाही. दुखणं नाकात नव्हतंच, हे मला फार उशिरा कळलं. ते कुठे होतं ते पुढे सांगते. त्याआधी कुत्र्याचं नाक ओलं राहतं कसं, हे समजून घ्यायला हवं. ते कळलं की कोरड्या नाकाला काय लावायचं, हा प्रश्न निम्मा सुटतो.

ओलावा येतो कुठून

माणसाच्या नाकाचा शेंडा दुपारपर्यंत तेलकट होतो, कारण त्या कातडीत तेलाच्या ग्रंथी असतात. कुत्र्याच्या नाकाच्या काळ्या, नक्षीदार शेंड्यात अशा ग्रंथी नसतात. घामाच्याही नसतात. म्हणजे ती कातडी स्वतःला ओलं ठेवू शकत नाही, ओलावा तिला दुसरीकडून मिळावा लागतो.

तो तीन ठिकाणांहून मिळतो. एक म्हणजे जीभ. कुत्रं दिवसभरात असंख्य वेळा नाक चाटतं, आपलं लक्षही जात नाही. दुसरं म्हणजे नाकाच्या आत दोन्ही बाजूंना असलेली एकेक मोठी ग्रंथी. तिची नळी नाकपुडीच्या अगदी तोंडाशी उघडते आणि तिथून पाण्यासारखा पातळ स्राव झिरपत राहतो. डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ नील्स स्टेन्सन यांनी १७व्या शतकात ही ग्रंथी दाखवून दिली, म्हणून तिला आजही त्यांच्या नावाने ओळखतात. उन्हाळ्यात कुत्रं जीभ बाहेर काढून धापा टाकतं तेव्हा अंग थंड करायला लागणाऱ्या पाण्यातला काही वाटाही हीच ग्रंथी पुरवते. तिसरं म्हणजे डोळ्यांतलं पाणी. आपल्याप्रमाणेच कुत्र्याच्याही डोळ्यांपासून नाकापर्यंत बारीक नळ्या असतात आणि जास्तीचे अश्रू त्यांतून नाकात उतरतात.

हा ओलावा शोभेचा नाही. हवेतले वासाचे कण ओल्या पृष्ठभागावर चिकटतात आणि जिभेने, श्वासाने आत जातात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या आणि हंगेरीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: कुत्र्याचं गार नाक दुरूनच वस्तूची मंद ऊब ओळखू शकतं. म्हाताऱ्या कुत्र्याला याचं मोल जास्त आहे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला असतो, कान मंदावलेले असतात, आणि आपण खोलीत आलो हे त्याला नाकच सांगतं. जेवणसुद्धा ते वासावरच जेवतं. नाक खरबरीत होऊन दुखू लागलं की ते ताटलीपाशी येऊन नुसतं उभं राहतं आणि आपण म्हणतो, म्हातारपणी अन्नावरची वासना उडाली. अशा वेळी अन्न किंचित कोमट करून दिलं की वास उठतो आणि कित्येकदा ते पुन्हा खायला लागतं.

ताप नाकावरून कळत नाही

हा समज इतका खोल रुजलेला आहे की स्पष्टच सांगते. ओल्या नाकाच्या कुत्र्याला सडकून ताप असू शकतो आणि कोरड्या नाकाचं कुत्रं ठणठणीत असू शकतं. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान. म्हणून हात लावून आपल्याला ते सदोदित तापल्यासारखंच वाटतं. खरा आकडा हवा असेल तर डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला थोडं व्हॅसलीन लावून ते गुदद्वारात इंचभर सरकवून मोजावं. एकाने डोकं धरून गोंजारत राहावं, दुसऱ्याने मोजावं. १०३ च्या वर गेलं आणि कुत्रं मलूल असेल तर डॉक्टरांना फोन करावा. १०४ च्या पुढे वाट पाहू नये.

झोपेतून उठल्यावर नाक कोरडं असणं हे तर अगदी नेहमीचं. झोपेत कुणी नाक चाटत नाही. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ते पुन्हा ओलं होतं. म्हातारी कुत्री दिवसाचा मोठा भाग झोपून काढतात, त्यामुळे आपला हात लागतो तेव्हा नाक कोरडं असण्याचे प्रसंगच वाढतात. उन्हात पडून राहिलेलं, एसीच्या झोतात झोपलेलं, थंडीत हीटरला चिकटून बसलेलं कुत्रंही असंच कोरडं लागतं. जागा बदलली की फरक पडतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात एसीपेक्षा पाण्याचा कूलर नाकाला सोसवतो, कारण त्याच्या हवेत ओल असते.

पाणी मात्र पोटात जातंय की नाही ते पाहावं. सांधे दुखत असले की म्हातारं कुत्रं पाण्याच्या भांड्यापर्यंत उठून जायचं टाळतं. आमच्याकडे आता तीन ठिकाणी भांडी ठेवलेली आहेत आणि एकाही भांड्याकडे जाताना गुळगुळीत फरशी लागत नाही. साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिली पाणी लागतं. ओलं अन्न खाणाऱ्याला त्याहून कमी पुरतं. शरीरात पाणी कमी पडलंय का हे पाहायला मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात, पण म्हाताऱ्या कुत्र्याची कातडी वयामुळेच सैल असते, त्यामुळे ती खूण फसवते. त्यापेक्षा वरचा ओठ उचलून हिरडीला बोट लावा. हिरडी ओलसर, निसरडी हवी. चिकट लागली तर पाणी कमी पडतंय. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. उलट, किलोमागे १०० मिलीहून जास्त पाणी पीत असेल तर मूत्रपिंड, मधुमेह किंवा संप्रेरकांचा आजार तपासायला हवा. तिथे नाकाचा कोरडेपणा हा मोठ्या गोष्टीचा एक छोटा तुकडा असतो.

नाकाला पडलेला घट्टा

म्हातारपणी सर्वाधिक दिसतो तो प्रकार हा. नागपूरला माझ्या मावसबहिणीकडे अकरा वर्षांचा पग आहे, बाळ्या. त्याच्या नाकाच्या वरच्या कडेला करड्या रंगाचे कडक तंतू उभे राहिले होते, झिजलेल्या टूथब्रशसारखे. ती घाबरली होती, कॅन्सर वगैरे काही असेल म्हणून.

कातडीचा सगळ्यात वरचा थर केराटिनचा असतो. नखं आणि केस त्याचेच. खालून नव्या पेशी वर ढकलल्या जातात आणि वरच्या जुन्या झडतात. वय झालं की काही कुत्र्यांत झडणं मागे पडतं, बनणं चालूच राहतं, आणि थरावर थर साचतात. विळी, कुदळ वापरणाऱ्यांच्या हाताला घट्टे पडतात तसाच हा नाकाला पडलेला घट्टा. डॉक्टर याला नाकाचा हायपरकेराटोसिस म्हणतात. बऱ्याचदा पंजांच्या गाद्यांच्या कडाही अशाच वाळून वर येतात, म्हणून नाक पाहिलं की चारही पंजे उलटे करून पाहावेत. स्पॅनिअल, बीगल, बॅसेट हाउंड यांच्यात हे पुष्कळ दिसतं. पग, बुलडॉग यांची अडचण वेगळी आहे. त्यांचं तोंड इतकं चपटं की जीभ नाकावर नीट पोचतच नाही, त्यामुळे जिभेने मिळणारा ओलावा मुळातच कमी. लॅब्रॉडोरमध्ये मात्र याच्यासारखाच दिसणारा एक आनुवंशिक आजार आहे, तो सहा महिने ते वर्षाच्या वयातच सुरू होतो. २०१३ मध्ये त्याचं जनुकही सापडलं. तेव्हा दहा वर्षांच्या लॅबचं नाक आत्ता पहिल्यांदा वाळलं असेल तर तो आजार नव्हे.

हा घट्टा पुरता बरा होत नाही, पण तो मऊ ठेवता येतो. भेगा न पडणं, न दुखणं, एवढं साधलं की कुत्र्याचं काही अडत नाही.

आता उपाय. इथे बहुतेक जण चुकतात, मीही चुकले होते. तेल किंवा मलम नाकाला पाणी देत नाही, आत असलेलं पाणी उडू देत नाही इतकंच. वाळलेल्या भाकरीला वरून तूप चोपडलं म्हणून ती मऊ होत नाही, आधी पाण्याचा हबका मारावा लागतो. नाकाचं तसंच आहे. स्वच्छ सुती फडकं कोमट पाण्यात भिजवून, पिळून, नाकावर पाच ते दहा मिनिटं ठेवायचं. गार झालं की पुन्हा भिजवायचं. नाकपुड्या झाकायच्या नाहीत. मग टिपून घ्यायचं आणि लगेच, ओल असतानाच, बिनवासाची पेट्रोलियम जेली मुगाच्या दाण्याएवढी घेऊन बोटाने पातळ फिरवायची. रोज एकदा, सात ते दहा दिवस. वरचे कडक थर फुगून हळूहळू आपोआप सुटू लागतात. त्यानंतर आठवड्यातून दोनदा-तीनदा केलं की पुरतं, पण ते करत राहावं लागतं.

लावलं की कुत्रं चाटणार. म्हणून लावायची वेळ निवडावी. बाळ्याला संध्याकाळी फिरायला नेताना पट्टा गळ्यात अडकवल्यावर लावतात. बाहेरचे वास घेण्यात तो इतका गुंततो की नाकाची आठवणच राहत नाही. दहाव्या दिवशी बहिणीने फोटो पाठवला, तंतू गेले होते आणि मधली एक बारीक भेगही मिटत आली होती.

जेली जाड थापू नये आणि नाकपुडीच्या आत तर मुळीच घालू नये. तेलकट पदार्थ श्वासाबरोबर दिवसेंदिवस थोडा थोडा फुप्फुसात जात राहिला तर तिथे सूज येऊ शकते. पातळ थराला हा धोका फार कमी आहे.

खोबरेल चालतं. चाटलं गेलं तरी थोड्याने बिघडत नाही, जास्त पोटात गेलं तर जुलाब होतात. पण साधारण २४-२५ अंश सेल्सिअसला ते वितळतं, त्यामुळे थंडीत लावायला सोपं आणि एप्रिलमध्ये नाकावर टिकतच नाही. साजूक तुपाची शिफारस घरोघरी होते. त्याने अपाय होत नाही, पण वासामुळे कुत्रं ते क्षणात चाटून टाकतं आणि रात्री अंथरुणात मुंग्या येतात. चिरलेल्या नाकाला मुंग्या लागणं फार वाईट. हळद लावू नये असं मी सांगेन. तिचा रंग नाकावर बसतो आणि खालच्या कातडीचा रंग बदलतोय का, हे पाहायची सोय जाते. ते पाहणं किती महत्त्वाचं आहे ते पुढे येईलच. कुंडीतली कोरफड कापून चोळणारेही आहेत. तिच्या सालीखालचा पिवळा चीक पोटात गेला तर कुत्र्याला जुलाब होतात, म्हणून तीही नको.

वजरीने घासणं, नेलकटरने तंतू कापणं हे घरी अजिबात करू नये. मेलेला थर कुठे संपतो आणि जिवंत कातडी कुठे सुरू होते ते बाहेरून दिसत नाही, आणि नाक भळाभळा वाहतं. फार वाढलेला थर डॉक्टर आधी मऊ करून मग छाटतात. पाणी आणि जेलीने भागलं नाही तर ते युरिया, सॅलिसिलिक आम्ल किंवा ट्रेटिनॉइन असलेली औषधं देतात, कधी प्रॉपिलीन ग्लायकॉल समप्रमाणात पाणी घालून लावायला सांगतात. घरात मांजर असेल आणि ते कुत्र्याला चाटत असेल तर हे शेवटचं सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, मांजराच्या रक्ताला ते मानवत नाही. भेग खोल असेल, रक्त किंवा पू असेल, तर आधी जंतुसंसर्गाचं औषध लागतं.

घरातल्या कपाटातल्या ट्यूब

हा भाग मला सगळ्यात कळकळीने लिहायचा आहे. नाकाला लावलेलं प्रत्येक मलम पाच मिनिटांत पोटात जातं, हे धरूनच चालावं. माणसाच्या कातडीसाठी केलेली कित्येक मलमं कुत्र्याच्या पोटात गेली की विष ठरतात. सोरायसिसच्या मलमातलं कॅल्सिपोट्रिऑल हे ‘ड’ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं औषध. ते कुत्र्याच्या रक्तातलं कॅल्शिअम इतकं वाढवतं की मूत्रपिंडं निकामी होतात. त्वचेच्या गाठींवर लावायचं फ्लुरोयुरॅसिल चाटलं तर झटके येतात, जीवही जातो. बाळाच्या लंगोटाच्या पुरळावरचं क्रीम, कॅलामाइन यांत झिंक ऑक्साइड असतं. त्याने उलट्या होतात, आणि पुन्हा पुन्हा पोटात गेलं तर रक्तपेशी फुटू शकतात. बधिर करणारी जेल, कापूर-मेंथॉलचे वेदनाशामक बाम, टी-ट्री तेल हेही दूर ठेवावं. ओठांना लावायचे काही बाम गोडीसाठी झायलिटॉल घालून करतात, तेही कुत्र्यांना घातक आहे. आणि मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय हातात पडणाऱ्या खाजेच्या ट्यूब, ज्यांत बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि तीव्र स्टिरॉइड एकत्र असतं, त्या नाकाला काही दिवस बऱ्या दिसतात. मग कातडी पातळ होते, आणि खरं निदान करायची वेळ आली की मूळ आजाराच्या खुणा पुसट झालेल्या असतात.

रंग आणि नक्षी

निरोगी नाक जवळून पाहिलं तर त्यावर बारीक चौकटींची नक्षी दिसते. प्रत्येक कुत्र्याची वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. महिन्यातून एकदा उजेडात नाकाचा समोरून फोटो काढून ठेवावा. वयाने किंवा थंडीत काळा रंग थोडा फिका होणं साधं आहे, पण नक्षी शाबूत हवी. नक्षी पुसली जाऊन नाक गुळगुळीत, निळसर-करडं किंवा गुलाबी दिसू लागलं, खपल्या धरू लागल्या, तर तो घट्टा नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच कातडीवर उलटण्याचे आजार असे सुरू होतात. त्यांतला नाकावरचा ल्युपस उन्हाने चिघळतो, म्हणून अशा कुत्र्याला कोवळ्या उन्हाच्या आत किंवा तिन्हीसांजेलाच फिरवावं लागतं. टॅक्रोलिमसचं मलम त्याला चांगलं लागू पडतं, पण निदान कातडीचा तुकडा तपासूनच होतं. न भरणारा व्रण असेल, विशेषतः फिक्या नाकावर, तर कर्करोगाची शंका आधी फेडावी.

नाक आणि पंजांच्या गाद्या दोन्ही एकदम सुजून, चिरून, ओलसर खपल्यांनी भरल्या असतील तर म्हाताऱ्या कुत्र्यात यकृत तपासतात. लस न घेतलेल्या कुत्र्याचं नाक आणि पंजे कडक झाले आणि जोडीला डोळ्यांना चिपडं, खोकला, झटके असतील तर तो डिस्टेंपर हा विषाणूचा आजार असू शकतो. रस्त्यावरच्या वयस्क कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नाकातून रक्त आलं तर गोचिडांचा ताप, बुरशी किंवा गाठ, यांपैकी काहीही असू शकतं, त्या दिवशीच डॉक्टरांकडे जावं. वर्षानुवर्षं पोळी-दुधावर वाढलेल्या आणि वर कॅल्शिअमची पावडर खाणाऱ्या कुत्र्याला जस्त अंगी लागत नाही, त्यानेही नाकाभोवती खपल्या येतात. मात्र जस्ताची गोळी मनाने देऊ नये, जास्त झालं तर तेही विषारी आहे.

कातडीचा तुकडा तपासायची सोय प्रत्येक गावात नसते. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडून रुग्णालयं आहेत, तिथे दाखवता येतं. जाण्याच्या दिवशी नाकाला काहीही लावू नका.

ठमीचं काय झालं होतं

फेब्रुवारीच्या शेवटी मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाकाला हात लावण्याआधी विचारलं, “कोरडं दोन्हीकडे आहे की एकीकडे?” मला सांगता आलं नाही. त्यांनी तिचं तोंड खिडकीकडे वळवलं. डावी नाकपुडी ओली, चमकत होती. उजवी बाजू मधल्या रेघेपर्यंत सुकलेली, खपलीने झाकलेली. इतकी सरळ विभागणी की कुणी पट्टी ठेवून आखल्यासारखी. दोन महिने मी त्या नाकावरून बोट फिरवत होते.

जीभ पोचत नसती, हवा कोरडी असती, वयाचा घट्टा असता, तर दोन्ही बाजू सारख्या सुकल्या असत्या. एकच बाजू सुकते तेव्हा त्या बाजूची ग्रंथी बंद पडलेली असते, आणि ग्रंथी बंद पडते ती बहुधा तिला हुकूम देणारी मज्जातंतूची दोरी बिघडल्याने. ही दोरी मेंदूतून निघते, कानाच्या आतल्या हाडातून, मधल्या कानाला अगदी लगटून जाते आणि पुढे तिच्या दोन शाखा होतात. एक नाकाच्या ग्रंथीकडे जाते, दुसरी डोळ्याच्या अश्रुग्रंथीकडे. एकाच वायरवर दोन पंप असावेत तसं. वायर कानापाशी खराब झाली की दोन्ही पंप थांबतात.

म्हणून डॉक्टरांनी नाक सोडून डोळे तपासले. पापणीत कागदाची पट्टी अडकवून एका मिनिटात अश्रूंनी ती किती भिजते ते मोजतात, १५ मिमी किंवा जास्त असेल तर ठीक. ठमीच्या डाव्या डोळ्याची पट्टी १८ मिमी भिजली, उजव्याची ४. त्या डोळ्यात सकाळी येणारं चिकट चिपडं मी म्हातारपणावर घातलं होतं. मग त्यांनी कानांबद्दल विचारलं आणि मला आदला पावसाळा आठवला. कॉकरचे लोंबते कान, पुण्याची दमट हवा, उजव्या कानाला येणारा आंबूस वास, डोकं झटकत राहणं. थेंब दिले होते. वास गेला तसे आम्ही थेंबही थांबवले, सांगितलेल्या दिवसांच्या आधीच. संसर्ग बाहेरच्या कानातून पडद्यापलीकडे मधल्या कानात उतरला होता. भूल देऊन कान आतून तपासल्यावर ते स्पष्ट झालं.

थायरॉइडही तपासलं, कारण ते मंदावल्यानेही चेहऱ्याचा हा मज्जातंतू बिघडू शकतो. ते ठीक निघालं. कित्येक कुत्र्यांत कारण सापडतही नाही आणि काही महिन्यांत मज्जातंतू आपण होऊन सावरतो. ठमीला कानासाठी दीड महिना प्रतिजैविक लागलं, डोळ्यासाठी दिवसातून चार वेळा कृत्रिम अश्रूंचं जेल, आणि जेवणात पायलोकार्पिनचे थेंब. पायलोकार्पिन हे माणसांच्या काचबिंदूचं डोळ्यांत घालायचं औषध. इथे ते अन्नात मिसळून पोटातून देतात. हुकूम पोचत नसलेल्या ग्रंथीला ते थेट जागं करतं. त्याची मात्रा थेंबाथेंबाने वाढवावी लागते आणि जास्त झालं तर लाळ गळते, उलट्या-जुलाब होतात, हृदयाचे ठोके मंदावतात. त्यामुळे ते डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायचं. नाकाला तेव्हाही कोमट पाणी आणि व्हॅसलीन चालूच होतं, ग्रंथी जागी होईपर्यंत कातडी चिरू नये म्हणून.

एकीकडचं कोरडं नाक ओळखायला उपकरण लागत नाही. कुत्रं जागं होऊन अर्धा तास झाल्यावर दोन्ही नाकपुड्यांना वेगवेगळं बोट लावायचं. मग दोन्ही डोळ्यांची चमक सारखी आहे का, दोन्ही पापण्या सारख्या मिटतात का, एका बाजूचा ओठ खाली ओघळलाय का ते पाहायचं. शेवटी कान उचलून वास घ्यायचा. आमच्याकडे हे दर रविवारी होतं, ठमीचे कान विंचरताना.

पाचव्या महिन्यात उजव्या नाकपुडीच्या कडेला पहिल्यांदा ओल दिसली. डोळ्याची पट्टी ११ मिमीपर्यंत आली आणि तिथेच थांबली, त्यामुळे जेल अजून चालू आहे. नाकाचा तेवढा अर्धा भाग आता दुपारी ओलसर असतो, रात्री सुकतो, म्हणून झोपताना मी त्याला पाणी टिपून जेली लावते. सकाळी पायाला नाक लागतं तेव्हा ते अर्धं गार लागतं आणि अर्धं व्हॅसलीनचं.